गोळी जागेवरच राहू द्या: ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुन्या लढायांच्या खुणा शोधताना

माझ्या टेबलाच्या खणात फोटोच्या रिळाची एक काळी डबी आहे. तिच्यात शिशाची एक गोळी आहे, मोठ्या बोराएवढी. कॉलेजात असताना घोडबंदरच्या बाजूला एका उकरलेल्या ढिगाऱ्यात मिळाली होती. घरी आणली, चिंच आणि राख लावून लख्ख घासली आणि पुढे महिनाभर मित्रांना दाखवत हिंडलो. ढिगारा कुठून उपसलेला होता, किल्ल्याच्या कोणत्या अंगाला पडला होता, शेजारी आणखी काय होतं, यातलं काहीही आज मला सांगता येत नाही. गोळी पोर्तुगीज शिपायाची असेल, मराठ्यांची असेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीची असेल, नाहीतर शंभर वर्षांनी आलेल्या एखाद्या शिकाऱ्याची. घासताना तिच्यावरचा पांढरा थरही गेला. तो राहिला असता तर निदान ती बरीच वर्षं मातीत होती एवढा अंदाज कुणाला तरी करता आला असता.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. लढाईच्या जागी जुन्या वस्तू शोधायच्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुदळ आणि मेटल डिटेक्टर येतो. इथे दोन्ही नाहीत. न खणता, न उचलता, नुसतं नीट बघून आणि नोंदवून किती कळतं आणि ते कसं करायचं, एवढंच सांगतो.

कायदा आधी, कारण तो खरोखर लागू होतो

चार कायदे माहीत हवेत. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा १८७८ चा आहे, म्हणजे आज जवळपास सगळंच त्यात येतं. कळवलं नाही तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते आणि वस्तूतला वाटाही जातो. उलट, रीतसर कळवलं आणि कुणी मालक पुढे आला नाही, तर सापडवणाऱ्याला त्यात हक्क मिळू शकतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून ऑनलाइन कुणी ‘खरा मराठाकालीन तोफगोळा’ विकत असेल, तर तो खोटा असण्याची शक्यता जास्त, आणि खरा असला तर प्रकरण आणखी वाईट. संरक्षित स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा वेगळा. केंद्राच्या संरक्षित जागेपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे.

डिटेक्टरबद्दल लोक हमखास विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, घरी ठेवा. कायदा एकीकडे, इथली जमीनही त्याला साथ देत नाही. आपला काळा कातळ लोहयुक्त, चुंबकीय. यंत्र दगडावरच किंचाळतं. दगडावर नाही किंचाळलं तर बाटलीची झाकणं, सळयांचे तुकडे आणि गुटख्याच्या चंदेरी पुड्या आहेतच. मग माणूस प्रत्येक आवाजावर खड्डा करतो, आणि खड्डा झाला की थरांची गुंफण मोडते.

परदेशात डिटेक्टरने मोठं काम झालंय, हेही खरं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये गवताला आग लागली, जमीन उघडी पडली, आणि १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर घेऊन ती पिंजून काढली. पण त्यांनी प्रत्येक काडतूस आधी नकाशावर टाकलं आणि मग उचललं. काडतुसाच्या बुडावर बंदुकीच्या घोड्याचा जो ठसा उमटतो, त्यावरून एकच बंदूक रणांगणात कुठून कुठे सरकली हे त्यांना सांगता आलं. यंत्र आणि नकाशा एकत्र आले तेव्हा हे जमलं. हौशी माणसाकडे बहुतेक वेळा पहिलंच असतं.

घरी बसून करायचं काम (आणि हेच जास्त आहे)

कोणती लढाई, कुठल्या बाजूने, किती दिवस, हे माहीत नसेल तर मैदानात तुम्ही नुसते फिरायला गेलात. ठाण्याचंच घ्या. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत, मार्च १७३७ मध्ये, मराठे खाडी ओलांडून साष्टीत उतरले आणि ठाणं पडलं. अर्धवट किल्ला, अचानक हल्ला. अशा लढाईत तोफांचा लांबलचक मारा होत नाही, म्हणून मागे उरणारं लोखंडही कमी.

डिसेंबर १७७४ ची गोष्ट वेगळी. जनरल गॉर्डनच्या हाताखाली इंग्रज मुंबईहून आले, मोर्चे बांधले, काही दिवस तटावर तोफा डागल्या आणि २८ डिसेंबरला किल्ला घेतला. त्यांच्या आरमाराचा कमोडोर वॉटसन या वेढ्यात मेला. गोळा त्याला लागला नाही. जवळच्या वाळूत आदळला आणि उडालेली वाळू अंगात घुसून तो जखमी झाला. या तपशिलाकडे शोधकाच्या नजरेने बघा. तो उभा होता ती जागा वाळूची होती आणि किल्ल्यातल्या तोफांच्या टप्प्यात होती. बखरीतलं किंवा अहवालातलं एक वाक्य असं जमिनीवर ठेवून बघायची सवय लावून घ्यायची.

हे वाचायला कुठे मिळतं? मुंबई इलाख्याचं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ चं आहे, खंड १३ आणि १४. चौदाव्यात गावांची आणि किल्ल्यांची माहिती गावाच्या नावानुसार लावलेली आहे. तिथून सुरुवात करा. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, स्थानिक इतिहासाची पुस्तकं तिथे निवांत बघता येतात. मराठ्यांच्या बाजूची पत्रं हवी असतील तर पेशवे दफ्तराचे छापील खंड आहेत. मोडी येत असेल तर मुंबईचं आणि पुण्याचं पुराभिलेखागार आहे. मोडी शिकून घ्याच. चार-सहा महिन्यांचं काम आहे आणि जन्मभर पुरतं.

वाचताना वेगळ्या वहीत फक्त जागेशी चिकटलेले शब्द टिपा: मोर्चा, खंदक, दारूकोठार, बंदर, उतार, सुरुंग, विहीर, ‘टेकडीवरून’, ‘खाडीच्या अंगाने’. मग जुना नकाशा, गाव नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी शेजारी ठेवा. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रंही बघता येतात. नवी मुंबईत त्यांचा फार उपयोग होतो, कारण वीस वर्षांपूर्वीच्या चित्रात जिथे पाणी दिसतं तिथे आज सेक्टर आहे.

याच ठिकाणी नवी मुंबईकरांना सावध करायला हवं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि पुढे इथला मोठा भाग भरणी करून उभा राहिला. ती माती, मुरूम आणि डेब्रिज कुठून आलं याला धरबंध नाही. भरणीच्या जमिनीत तोफगोळा मिळाला तर तो खरा असू शकतो, पण तो तिथल्या लढाईचा नाही. कुठल्यातरी डंपरबरोबर आलेला पाहुणा आहे. म्हणून बेलापूर पट्ट्यात आधी एकच प्रश्न: ही जमीन मूळची आहे का? गावठाणं, टेकडीचे उतार आणि जुनी देवळं मूळ जमिनीवर असतात. बेलापूरच्या किल्ल्याची टेकडी तशीच. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज, असे तिचे मालक बदलत गेले.

माणसं

कागदांनंतर गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. आगरी-कोळी गावांत शेतांना, बांधांना आणि खाजणांना नावं असतात आणि ती सातबाऱ्यावर नसतात. ‘तोफेचा माळ’, ‘बुरुजाखालची’ असं नाव कानावर पडलं तर तिथेच थांबा. मी एकदा खाडीकाठी मान खाली घालून तासभर फिरत होतो. जाळं विणत बसलेले एक काका शेवटी म्हणाले, “कवाधरनं बगतंय, काय हरवलाय रं तुजा?” सांगितलं, तर हसले आणि थेट आपल्या अंगणात घेऊन गेले. दाराला अडण म्हणून लोखंडी गोळा. त्यांच्या आजोबांपासून तिथेच. मी दोन वर्षं जे शोधत होतो ते त्यांच्या घरातल्या मांजराच्या निजायच्या जागेशेजारी होतं.

गोळे दाराला असतात, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर असतात, देवळाबाहेर शेंदूर फासलेले असतात. विचारताना चार गोष्टी लक्षात ठेवा. वयस्कर माणसाशी घाईने बोलू नका. आपण सरकारी माणूस नाही हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर जमीन जाईल या धास्तीने कुणी तोंड उघडत नाही. ‘किती जुनं?’ असं न विचारता ‘तुमच्या आजीच्या वेळी होतं का?’ असं विचारा. आणि किमतीबद्दल चकार शब्द काढू नका. एकदा किमतीची गोष्ट निघाली की पुढच्या आठवड्यात ती वस्तू भंगारवाल्याकडे किंवा दलालाकडे गेलेली असते.

कुठे जाता येतं

ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये तिथूनच निसटले, अनंत कान्हेरेंना १९१० मध्ये तिथेच फाशी झाली. आत जाता येत नाही आणि भोवती कॅमेरा काढून घुटमळूही नका. ड्रोनचा विचार तर मनातही नको. आसपासचा कोर्ट नाका, जिल्हाधिकारी कार्यालय, कळवा पुलाकडचा उतार, सगळं बांधलेलं. तिथे एकच संधी असते, पाया खणला जात असताना कुंपणाबाहेरून मातीचा ढीग बघणं. ठेकेदाराला विचारूनच.

घोडबंदरचा किल्ला आणि बेलापूरचा बुरूज पाहता येतात. डागडुजी चालू असेल तेव्हा तिथल्या माणसांशी बोला, त्यांच्या कामात लुडबुड करू नका. मलंगगडावर १७८० मध्ये कॅप्टन ॲबिंग्टनच्या तुकडीने खालची माची घेतली, पण वरचा बालेकिल्ला मराठ्यांनी दिला नाही. माचीचे उतार अभ्यासाला उत्तम. माघी पौर्णिमेच्या यात्रेच्या गर्दीत मात्र जाऊ नका.

खाजगी शेत असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, दोन ओळींची का असेना. खारफुटीत शिरू नका. ती संरक्षित आहे आणि खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

वेळ आणि पाणी

जमीन सगळ्यात जास्त बोलते ती पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर. धूळ धुऊन जाते, जड वस्तू वर उघड्या पडतात आणि गवत अजून वाढलेलं नसतं. हे जूनमधले जेमतेम दहा-बारा दिवस. दुसरा हंगाम मार्च ते मे. गवत वाळलेलं असतं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीचे उंचवटे सावल्यांनी उठून दिसतात. बुजलेला खंदक दुपारी बारा वाजता कुणालाच दिसत नाही. सात वाजता मात्र शेतातून सावलीची एक पट्टी गेलेली दिसते.

खाडीकाठी जायचं तर भरतीचं वेळापत्रक बघा. ते हाताशी नसेल तर जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या आसपास. ठाण्याच्या वरच्या अंगाला पाणी मुंबईच्या मागून पोचतं, तेवढं धरून चाला. उधाणाला पाणी खूप मागे जातं म्हणून मोह होतो, पण येतंही त्याच वेगाने. नवख्याने भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते ते दिवस धरावेत. चिखल मांडीपर्यंत ओढतो. एकट्याने उतरायचं नाही आणि जागा ओळखणाऱ्या कोळी माणसाशिवाय तर नाहीच. उतारावर फुरसं असतं, म्हणून दगड हाताने उलटायचा नाही. तसाही उलटायचं काही कारण नाही.

चालायचं कसं

सामान साधं: वही, शिसपेन्सिल (पावसात पेनाची शाई फुटते), ३० मीटरची टेप, सुतळीचा गुंडा, रंगीत कागदाच्या झेंड्या लावलेल्या काड्या, दहा सेंटिमीटरची पट्टी, होकायंत्र आणि फोन.

दीड-दोन मीटर अंतर ठेवून चार-पाच जणांनी एका ओळीत उभं राहायचं. एका टोकाच्या झाडाकडे किंवा खांबाकडे तोंड करून सगळ्यांनी एकाच चालीने जायचं. चाल इतकी संथ हवी की बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं दिंडीत मागे राहिली आहेत. नजर पायापुढच्या दोन पावलांवर. काही दिसलं की हात वर करायचा, ओळ थांबते, काडी रोवली जाते, ओळ पुढे जाते. उचलायचं नाही, वाकून पायाने ढकलायचं नाही. पट्टा संपला की वळून शेजारचा पट्टा घ्यायचा. एका सकाळी अर्धं क्रिकेटचं मैदान झालं तर खूप झालं.

नुसत्या गोळ्या शोधू नका. जे दिसेल ते, कौल, खापरी, निळी नक्षी असलेले चिनी मातीचे तुकडे, मातीच्या विलायती चिलमीची नळी, सगळं काडीला पात्र आहे. मंगळुरी कौलाचा तुकडा तर सोन्यासारखा, कारण ती कौलं १८६५ नंतर निघू लागली. गोळीच्या खालच्या थरात मंगळुरी कौल दिसलं, तर ती माती एकदा उलथलेली आहे. गोळी १७७४ ची असेल, पण आता ती आपल्या जागी नाही.

शिशाच्या गोळीत मुख्य गोष्ट तिचा आकार. गोल, न दबलेली गोळी बहुतेक वेळा भरताना हातातून पडलेली असते, म्हणजे तिथे बंदूकवाला उभा होता. चपटी झालेली, एका बाजूने फुटलेली गोळी कशावर तरी आदळलेली असते, म्हणजे तिथे लक्ष्य होतं. दोन्ही प्रकारच्या काड्या दोन रंगांच्या लावा आणि दिवसाच्या शेवटी टेकाडावर चढून खाली बघा. लढाईची दोन तोंडं रंगांत वेगळी झालेली दिसतात. गोळ्या खिशात टाकल्या असत्या तर हे चित्र कधीच दिसलं नसतं.

नोंद

प्रत्येक काडीसाठी चार फोटो. पहिला लांबून, ज्यात बुरूज किंवा झाड दिसेल. दुसरा दहा पावलांवरून. तिसरा वरून सरळ खाली, शेजारी पट्टी आणि उत्तरेची खूण ठेवून. चौथा अगदी जवळून. फोनमधले अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा, पण फोनवर विसंबू नका. तो सहज चार-पाच मीटर चुकतो. म्हणून हलणार नाहीत अशा दोन गोष्टींपासून, जसा तटाचा कोपरा आणि विहिरीचा कठडा, टेपने अंतर मोजा. नोंदीत कल्पना आणि दिसलेलं वेगळं ठेवा. ‘पोर्तुगीज गोळी’ असं लिहू नका. ‘शिसं, गोल, व्यास १७ मिमी, पांढरट थर, एका बाजूला ओरखडा’ असं लिहा.

अचूक जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. बेलापूर किंवा घोडबंदर एवढं लिहिलं तरी पुरे. नकाशावरचा टाचणीचा फोटो टाकलात तर रविवारी तिथे कुदळी घेऊन माणसं असतात.

हात लावायचाच नाही अशा वस्तू

मराठी कागदपत्रांत ‘कुलपी गोळा’ हा शब्द येतो. पोकळ गोळा, आत दारू, वर वात घालायला भोक. उखळी तोफेतून हे उडवत. गोळ्याला भोक, बूच किंवा कडी दिसली तर तो हलवायचा नाही, मोजायचा नाही, त्यावर पाणीही ओतायचं नाही. माणसं लांब करा, ११२ ला फोन करा. तेच न उडालेल्या काडतुसांचं आणि शेपटीला पंख असलेल्या कुठल्याही लोखंडाचं. मुंबई बंदरात १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, आणि त्यानंतर कित्येक दशकं तिथल्या गाळातून दारूगोळा निघत राहिला. जुनं म्हणजे निर्जीव असं मानू नका.

गोळा आहे की शॉटपुट?

ही परीक्षा फक्त आधीच घरात, देवळात किंवा ग्रामपंचायतीत असलेल्या भरीव गोळ्यांसाठी. घेराभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा, ३.१४ ने भागा, व्यास मिळतो. व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा घन करा आणि ३.७७ ने गुणा. ओतीव लोखंडाच्या भरीव गोळ्याचं ग्रॅममधलं वजन येतं. ९ सेंमीचा गोळा सुमारे २,७५० ग्रॅम भरेल, म्हणजे इंग्रजी सहा पौंडी तोफेचा माल. त्याच मापाचा काळ्या दगडाचा गोळा जेमतेम १,१०० ग्रॅमचा असतो आणि त्यावर छिन्नीचे टवके दिसतात.

वजन हिशोबापेक्षा कमी भरलं तर गंज धरा, कारण गंज फुगतो आणि लोखंडापेक्षा हलका असतो. फारच कमी भरलं तर पोकळ असल्याची शंका घ्या आणि वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. वजन जास्त, सुमारे तीन किलो भरलं, तर तो पोलादी. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात हे फार होतं. कारखान्यांतल्या दळणयंत्रांत, म्हणजे बॉल मिलमध्ये, असे पोलादी गोळे घालतात आणि ते भंगारातून सगळीकडे फिरतात. उत्साहाने मला दाखवलेल्या गोळ्यांतले निम्मे तरी असलेच निघाले. आणि काटा बरोबर ४ किलो किंवा ७.२६ किलोवर थांबला तर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा, त्यांचा काही हरवलाय का.

ओतीव गोळ्यावर बहुधा साच्याच्या दोन भागांची बारीक शिवण आणि रस ओतल्याच्या जागेचा खडबडीत ठिपका असतो. शिशाची गोळी १७.५ मिमीची आणि ३०-३२ ग्रॅमची असेल तर ती कंपनीच्या पलटणींच्या बंदुकीला बसणारी असू शकते. शिसं हाताळल्यावर हात धुवा. तसल्या हाताने वडापाव नको.

घासू नका, रंगवू नका

खारट चिखलातून निघालेलं लोखंड उन्हात वाळवलं की आतलं मीठ त्याला पापुद्र्या-पापुद्र्याने फोडतं. जेसीबीने उपसलेली तोफ किंवा गोळा वाचवायचाच असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि पुढचं तज्ज्ञांवर सोडा. तार-ब्रश, ॲसिड, रॉकेल, काहीही नको. तोफेला काळा ऑइलपेंट फासणं ही आपल्याकडची आवडती सेवा आहे. त्याने गंज आत कोंडतो आणि तोफेवरची अक्षरं, मोहोर, वजनाचे आकडे बुजतात. नाण्यांचंही तसंच. शिवराईवरचं ‘श्री राजा शिव’ वाचता यावं म्हणून घासणारे लोक बऱ्याचदा ते शेवटचं वाचणारे ठरतात.

कळवायचं कुणाला

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला. जागा केंद्राच्या संरक्षणाखाली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला, ज्यांचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. मजकूर लांबवू नका:

“मा. जिल्हाधिकारी, ठाणे यांस. विषय: जुनी वस्तू आढळल्याची माहिती. महोदय, दिनांक … रोजी सकाळी … वाजता मौजे …, तालुका … येथे, … पासून … मीटर अंतरावर, जमिनीच्या पृष्ठभागावर खालील वर्णनाची वस्तू दिसली. वस्तू जागेवरून हलवलेली नाही. जमीनमालकाची माहिती अशी: … . फोटो, मोजमाप आणि नकाशा सोबत जोडला आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती.”

आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या, ती जपून ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो. अधूनमधून जाऊन विचारत राहा, रागावून नाही, चिकाटीने. तलाठी आणि पोलीस पाटील यांना तोंडी सांगून ठेवलं तर वस्तू रातोरात नाहीशी व्हायची शक्यता कमी होते.

घरात आधीपासून काही असेल, आजोबांनी आणलेलं, कपाटात पडलेलं, तर त्याचीही अशीच नोंद करून कळवता येतं. मोजायचं, फोटो काढायचे, कुणी आणलं, कधी, कुठून, जेवढं आठवतं तेवढं लिहायचं. माझ्या डबीतल्या गोळीचा कागद मी गेल्या पावसाळ्यात भरला. व्यास, वजन, धातू, स्थिती, सगळे रकाने पाच मिनिटांत झाले. ‘मिळाल्याचे ठिकाण’ या रकान्यापाशी अर्धा तास पेन्सिल चावत बसलो, आणि शेवटी लिहिलं, ‘घोडबंदर परिसर, ढिगाऱ्यातून. नक्की जागा सांगता येत नाही.’